मागच्यांना दिसावं म्हणून

ती. ताईंना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (एरवी हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहिते, पण या खेपेला खरोखरच वाकलेली आहे. तुमच्या बंधुराजांच्या गाडीतून उतरल्यापासून कंबर सरळ व्हायला तयार नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या ह्यांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे ना? मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, ते स्वयंपाकघरात जाऊन चोरून मीठ खातात. खाऊ द्या. चोरून मीठ खाणारा नवरा परवडला, निदान तो चाळीस पावलं मागे उभा राहून दिवा लागत नाही म्हणून ओरडत नाही. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे माणसं दोन होती ती दोनच आहेत आणि गाडी अजून एकाच तुकड्यात आहे. फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात येईल. फोनवर सांगायला घेतलं की बंधुराज शेजारच्या खोलीतून दुरुस्त्या सुचवतात. चाळीस पावलं नाहीत, पंचेचाळीस. पाव नव्हते, टोस्ट होते. पत्रात ती सोय नाही.

गाडी तुम्ही पाहिलेलीच आहे. नव्हे, एकदा तीत बसलाही आहात आणि तुम्हाला बाहेर काढायला दोन माणसं लागली होती, तेव्हा विसरला नसाल. तीच ती लाल, दोन जणांची, एकतीस वर्षांची स्पोर्ट्स कार. (‘गाडी’ म्हटलेलं बंधुराजांना चालत नाही. गाडी लोकांची असते, यांची स्पोर्ट्स कार आहे.) सिग्नलला उभी राहिली की शेजारच्या बसचं चाक आपल्याकडे वरून खाली बघतं. मागे दोन गोल दिवे आहेत, कपाच्या बुडाएवढे. ब्रेक दाबला की ते लाल पेटावेत अशी अपेक्षा, आणि ते पेटतही होते. माझ्यासारख्या अडाणी माणसाला ते दिसतही होते. पण मी पडले काउंटरवर बसणारी. सव्वीस वर्षं लोकांचे डोळे तपासून चष्मे देणाऱ्या माणसापुढे मी काय बोलणार?

सुरुवात झाली ती तीन महिन्यांपूर्वी, बेकरीचा माल पोचवणाऱ्या गाडीने यांना मागून टेकवलं तेव्हा. फार नाही, नंबरप्लेट वाकली एवढंच. दुसरा कोणी असता तर भांडला असता. तुमचे बंधुराज खाली उतरले आणि त्यांनी त्या बेकरीवाल्याच्या हातात दुकानाचं कार्ड ठेवलं. म्हणाले, तुमचा दोष नाही, डोळ्यांचा आहे, मोफत तपासून देतो. बेकरीवाला भला माणूस, खरंच आला. यांनी त्याला अर्धा तास खुर्चीत बसवला, मशीन लावलं, काचा बदलून बदलून तक्ता वाचायला लावला. नंबर शून्य. उजवा शून्य, डावा शून्य. बंधुराजांना इतकं वाईट वाटलं की बेकरीवालाच त्यांची समजूत घालायला लागला. शेवटी चष्मा पुसायचं एक मऊ फडकं देऊन त्याला निरोप दिला. त्याने ते हसतमुखाने घेतलं. कशाला वापरत असेल देव जाणे.

दुसऱ्या वेळी मी गाडीत होते. सकाळी दहाची वेळ, रिकामा सरळ रस्ता, आणि अचानक यांनी असा काही ब्रेक मारला की माझ्या मांडीवरचा डबा पुढच्या काचेला भेटून आला. पाठोपाठ मागून धडक. मागे होती ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. चाकावर घामाघूम झालेली शिकाऊ मुलगी आणि शेजारी तिचा शिक्षक, ज्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो आणि ज्याने तो दाबलाही होता, म्हणून आम्ही थोडक्यात बचावलो. बंधुराज कार्ड काढायला खिशात हात घालणार, तेवढ्यात तो शिक्षक शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमचा दिवा दिसला. लगेच दिसला. पण तुम्ही थांबलात कशासाठी? पुढे तर काहीच नव्हतं.”

बंधुराज म्हणाले, कुत्रं आडवं आलं. ताई, मी शेजारीच बसले होते. ती वाऱ्यावर उडत आलेली काळी पिशवी होती. पण चारचौघांत नवऱ्याच्या कुत्र्याला पिशवी म्हणायचं नाही एवढं वळण मला आहे, म्हणून गप्प बसले. तसंही मान वळवता येत नव्हती. पुढे आठ दिवस गळ्याला पट्टा लावून काउंटरवर बसले. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांना ‘नाही’ अशी मान हलवता न आल्यामुळे दुकान नेहमीपेक्षा बरं चाललं.

त्या शिक्षकाच्या चार वाक्यांतून यांनी नेमकं काय ऐकलं असेल? काहीच नाही. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की दोन महिन्यांत दोन ठोकरा म्हणजे हा योगायोग नव्हे, दिवेच मंद आहेत. एकतीस वर्षांपूर्वीच्या रस्त्यांना ते पुरत होते, आता पुरत नाहीत, मागच्याला ब्रेकचा दिवा ठळक दिसलाच पाहिजे. तत्त्व म्हणून मला ते पटलं. (माझ्या मानेला तर फारच पटलं.) मग रोज संध्याकाळी दुकान मिटल्यावर गल्लीत आमचा प्रयोग सुरू झाला. मी गाडीत बसून ब्रेक दाबायचा, हे मागे जाऊन बघणार. आता त्या गाडीची सीट माझ्या पायांच्या मानाने फार मागे. सात वर्षांपूर्वी गाडी आणली तेव्हाच यांनी मला सांगितलं होतं की सीट जाम आहे, पुढे सरकत नाही, म्हणून तुला चालवता यायची नाही. त्यामुळे मी केरसुणीच्या दांड्याने ब्रेक दाबायची. लांबून यांचा आवाज यायचा, दाब. मी दाबायची. मग आवाज यायचा, अगं दाब ना. मी म्हणायची, दाबलाय. त्यावर, लागत नाहीये.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज हे गॅलरीतून बघायच्या. वय ब्याऐंशी, चष्मा आमच्याच दुकानातला आणि तो बहुधा आत टेबलावर विसरलेला. चौथ्या दिवशी त्या वरून म्हणाल्या, अहो, लागलाय की दिवा, मला इथून दिसतोय. बंधुराजांनी वर बघून हात जोडले आणि मला हळूच सांगितलं की आजींना आता भास व्हायला लागलेत.

मग उपचार सुरू झाले. पहिला घरगुती. एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा अख्खा रोल नाहीसा झाला. दिव्याच्या आतली चकाकी गेली आहे, तिथे चकचकीत कागद लावला की उजेड दुप्पट होतो, असा यांचा हिशोब. हिशोब बरोबर असेलही, पण तो कागद बल्बच्या खालच्या तारांना टेकला, कुठेतरी चट् असा आवाज झाला आणि फ्यूज गेला. त्याच फ्यूजवर हॉर्नही होता, हे तेव्हा कळलं. म्हणजे आधी दिसत नव्हती अशी यांची तक्रार होती, आता ऐकूही येईना. वायरिंगवाल्याकडे तर जायलाच हवं. मग मला शेजारी बसवून माझ्या हातात माझाच लाल स्कार्फ दिला. हे ‘आता’ म्हणाले की मी खिडकीतून हात काढून तो हलवायचा. दोन किलोमीटर मी ब्रेकचा दिवा होते, ताई. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण संसारात आपला उपयोग काय हे इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं. मागचे लोक मला उलट हात करत होते. एकाने तर गाडी बाजूला घेऊन ओळख काढायचा प्रयत्न केला.

वायरिंगवाल्याला सगळे ‘मौनी’ म्हणतात. दिवसाला दहा शब्द बोलतो आणि त्यातले चार ‘हं’ असतात. त्याने दिवा उघडला, फॉइल बाहेर काढलं, माझ्याकडे एकदा बघितलं (त्या एका नजरेत मला जेवढी सहानुभूती मिळाली तेवढी माहेरीही मिळालेली नाही) आणि एक गंजलेला स्क्रू दाखवला. अर्थिंगचा. तो त्याने पॉलिश पेपरने घासला, नवा फ्यूज घातला, आणि दिवा असा काही लखकन लागला की मी टाळी वाजवली. बंधुराज म्हणाले, मंद आहे. मौनीने आतल्या वाटीला चांदी रंग दिला. मंद आहे. जुने बल्ब काढून लाल एलईडी घातले, ते भिंतीवर उजेड पाडायला लागले. बरा आहे, पण मंद आहे. हे काम चार दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी केरसुणी घरी विसरली, म्हणून मी मौनीला म्हटलं की सीट जाम आहे, तुम्हीच पाय ठेवा. त्याने खाली हात घालून एक खटका दाबला. सीट लोण्यासारखी पुढे आली. मी बंधुराजांकडे बघितलं. बंधुराज छताकडे बघत होते. मौनी म्हणाला, “हं.”

सात वर्षं, ताई. त्याविषयी मी इथे काही लिहीत नाही. भेटीत बोलू आणि पुरेसा वेळ काढून बोलू.

चौथ्या दिवशी मौनीने मागच्या काचेच्या आत, वरच्या बाजूला, तिसरा दिवा बसवला. हातभर लांब लाल पट्टी. मी ब्रेक दाबला (पायाने), आणि गॅरेजच्या समोरच्या भिंतीसकट सगळं लाल झालं. तेव्हा कुठे तुमच्या बंधुराजांचा चेहरा खुलला. मला हाताला धरून मागे नेलं, ब्रेकवर मौनीला बसवलं. म्हणाले, आता बघ, याला म्हणतात दिवा. बघ कसे चारी बाजूंनी किरण फुटतायत. प्रत्येकाभोवती गोल कडं आलंय बघ.

मी बघितलं. दिवे लागलेले होते, स्वच्छ, लाल, कडेला नीट कापल्यासारखे. किरण नव्हते. कडंही नव्हतं. मी डोळे चोळून परत बघितलं. मग मौनीला उठवून मागे बोलावलं, स्वतः ब्रेक दाबला आणि त्याला विचारलं, किरण दिसतात का? त्याने नकारार्थी मान हलवली.

ताई, काउंटरवर बसून मी चष्म्यांच्या पेट्या पुसते असं तुम्हा सगळ्यांना वाटतं आणि ते खरंही आहे. पण पेट्या पुसता पुसता कान उघडे असतात. दिव्याभोवती कडं दिसतं हो, समोरून गाडी आली की उजेड फाकतो हो, रंग फिके वाटतात हो. हे वाक्य मी त्या दुकानात किती तोंडांतून ऐकलं असेल, आणि पुढे यांचं उत्तरही मला पाठ आहे. काही नाही, मोतीबिंदू आहे, डॉक्टरांना दाखवा. त्या दिवशी घरी येताना मी यांच्यासाठी पुढचा रस्ता बघत बसले. रस्त्यात यांनी दोनदा विनाकारण ब्रेक मारला. मागचे लांबच थांबले, दिवे उत्तमच होते.

रविवारी दुकान बंद असताना मी यांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं. म्हटलं, माझी हौस समजा, पण आज मी तपासणार. हे हसत हसत बसले आणि समोरचा तक्ता वरपासून खालपर्यंत म्हणून टाकला. सव्वीस वर्षांत पाठ झालेला. तळाला छापखान्याचं नाव अगदी बारीक टाइपात आहे, तेसुद्धा म्हटलं. मग मी काउंटरखालून त्या तिसऱ्या दिव्याचं खोकं काढलं. त्याच्या पाठीवर मी आदल्या दिवशी जाड मार्करने अक्षरं लिहून ठेवली होती. घ, म, ब, ष, भ, ध. डावा डोळा झाकायला लावला. उजव्या डोळ्याने यांनी घ चा ध केला, ब चा व केला आणि ष ला पुष्कळ वेळ प म्हणावं की काय अशा विचारात राहिले. मग उजवा डोळा झाकला. डाव्याने ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “पुठ्ठा आहे.”

मी खोकं खाली ठेवलं. विचारलं, “केव्हापासून?”

“पाच महिने झाले असतील.” मग म्हणाले, “पुढच्या गाड्यांचे दिवे मला दिसेनासे झाले. म्हटलं, मला त्यांचे दिसत नाहीत, म्हणजे मागच्यांना माझेही दिसत नसणार.”

मला खरं तर पुष्कळ सुनवायचं होतं. पाच महिने मला शेजारी बसवून गाडी चालवली, त्या शिकाऊ मुलीचं काही बरंवाईट झालं असतं तर, असं सगळं जिभेवर तयार होतं. पण हे खुर्चीतून उठेचनात. हातातला डोळा झाकायचा काळा चमचा उगाच फिरवत बसले आणि मामंजींचं, म्हणजे तुमच्या अण्णांचं, बोलायला लागले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सोडली आणि त्या डोळ्याने मग कधीच दिसलं नाही, एवढं मला ऐकून माहीत होतं. पट्टी सोडताना तुम्ही अण्णांचा हात धरून बसला होता आणि अकरा वर्षांचे हे दाराशी उभे होते, हे मला माहीत नव्हतं. अण्णांनी विचारलं होतं म्हणे, दिवा लावलाय ना? आणि तुम्ही हो म्हणालात. भर दुपार होती, असं हे म्हणाले.

चोवीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही हो. सीटचं तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, रिक्षाने. बाईंनी तपासलं, दोन्ही डोळ्यांत आहे, डावा आधी करू, वीस मिनिटांचं काम, अण्णांच्या काळासारखं आता काही राहिलेलं नाही, असं नीट समजावून सांगितलं. तुमच्या बंधुराजांनी सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं की तुमच्या या मशीनचा दिवा जरा मंद नाही का? बाई हसल्या. मी हसले नाही. घरी आल्यावर यांनी गाडीची किल्ली आपण होऊन माझ्या हातात दिली, वाद न घालता, आणि ताई, सगळ्या प्रकरणात मला भीती वाटली ती तेवढी एकदाच.

असो. तर गाडीच्या मागच्या दिव्यांचं काम उत्तम झालं आहे, हे कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच. आजी म्हणतात, आता तिसऱ्या मजल्यावर पुस्तक वाचता येतं. गुडघ्याला शेक घेत जा. तुमच्या ह्यांना नमस्कार आणि मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

तुमची,
(चोवीस वर्षांनी खरी सीटवर बसलेली)
भावजय

ता. क. – ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता आहे. ताईला कळवायचं नाही, तिला उगाच अण्णांची आठवण होईल, अशी मला सक्त ताकीद आहे. म्हणून मी फक्त दिव्यांविषयी लिहिलं आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण गेले तीन दिवस हे जेवताना विचारतात की ताईचा गुडघा प्रवास करण्याइतका बरा असेल का. आज म्हणाले, आपली सहज चौकशी. तेव्हा या. मी बोलावलं असं म्हणू नका. नवे दिवे बघायला आले म्हणा, त्यावर त्यांचा लगेच विश्वास बसेल.

ता. क. दुसरा – गाडी सध्या मीच चालवते. परवा ब्रेक दाबला तेव्हा मागच्या काचेतली ती लाल पट्टी आरशात इतकी सुरेख दिसत होती, आणि मागचा स्कूटरवाला इतक्या लांब अदबीने थांबला होता, की मी जरा आरशातच बघत राहिले. ब्रेकवरचा पाय कधी सैल झाला कळलं नाही. पुढे कचऱ्याची गाडी उभी होती. तिला सहा ब्रेकलाइट होते, वर पिवळा फिरता दिवा होता, मागे दोन माणसं उभी होती आणि दोघंही मला हात करत होती. तिला काही झालं नाही. आपला पुढचा बंपर मात्र राहिला नाही. यांनी गाडी घेतली तेव्हा एक जास्तीचा बंपर मिळाला होता, तो तुमच्या माळ्यावर ठेवलेला आहे. तुमच्या ह्यांना वर चढवून तो काढा, जुन्या चादरीत गुंडाळा आणि येताना घेऊन या. मौनीला सांगून ठेवलं आहे, तो कोणाला बोलणार नाही. फक्त बुधवारी सकाळीच पोचा. गुरुवारपर्यंत यांना काही दिसत नाही, पण शुक्रवारी पट्टी सुटते.